मफिन अधिक एक

ती. सिग्नेताईस,

धाकट्या हालवोरचा टोपी काढून नमस्कार. खुबा कसा आहे? नर्सबाई म्हणतात, परवा तू कठडा न धरता अकरा पावलं टाकलीस. (त्या नर्सबाईंवर माझा फारसा विश्वास नाही. फोनवर फार हसतात. पण अकरा हा आकडा कुणी उगाच बनवून सांगत नाही, बनवायचा तर दहा सांगतात, म्हणून मी तो मान्य केला.) जेवणात उकडलेली गाजरं अजून रोज असतात का? शेजारच्या खाटेवरच्या बाईचा टीव्ही बंद झाला का? माझी प्रकृती ठीक आहे. डाव्या कानामागे एक गोचीड सापडली, ती मी चिमट्याने काढून बरणीत ठेवली आहे, कारण पुरावा फेकून द्यायची मला सवय नाही. तुझ्या जिरेनियमच्या कुंड्या पहिलं हिम पडण्याआधी आत घेतल्या. चर्चमध्ये सगळे तुझी चौकशी करतात आणि चौकशी झाली की हमखास सांगतात, "पण लिंबाच्या वड्यांचा ट्रे मात्र तिनं पडू दिला नाही हो!" चर्चच्या तळघराच्या अकरा पायऱ्या घसरत गेलेल्या बाईबद्दल लोकांना एवढंच लक्षात राहिलंय.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. त्याला कारण तूच. फोनवर मी "त्या पायवाटेवर एक माणूस..." एवढं म्हटलं की तू "बरं बरं, माझी व्यायामाची वेळ झाली" म्हणून फोन ठेवतेस. सलग तीन वेळा हे झालं. चौतीस वर्षं मी विमा कंपनीत दाव्यांची तपासणी केली. धान्याचं कोठार पेटलं की पेटवलं, हे मी नुसत्या राखेवरून सांगायचो. तीन वेळा तोच शब्द ऐकून तोच व्यायाम आठवतो, तेव्हा कुठंतरी पाणी मुरतंय हे कळायला मला राखही लागत नाही. शिवाय शुक्रवार जवळ आलाय. शुक्रवारी तुझी लेक कारिन ॲरिझोनाहून येणार, कागद पुढे करणार, तू सही करणार, घर विक्रीला लागणार आणि तू कायमची निवडुंगांच्या शेजारी राहायला जाणार. "इथं आता माझं राहिलंय काय?" असं तू मला मागच्या रविवारी म्हणालीस. (मी समोरच्या खुर्चीत बसलो होतो. असो.) सही करण्याआधी सगळी वस्तुस्थिती तुझ्यासमोर असावी, म्हणून हा प्रपंच.

तर सुरुवातीपासून सांगतो. तुला रुग्णवाहिकेत चढवत होते तेव्हा तू माझी बाही घट्ट धरलीस. मला वाटलं, आता ही मृत्युपत्र कुठं ठेवलंय ते सांगणार. तू म्हणालीस, "हालवोर, मफिनला रोज दहा वाजता वाकड्या ओढ्याच्या वाटेवर ने. दहालाच. आणि वाट बदलू नकोस." आता तूच सांग, खुबा मोडलेली बाई वेळ का सांगते? कुत्र्याला घड्याळ कळतं का? दहालाच का, नऊला का नाही? मी विचार केला, दहा वाजता त्या वाटेवर असं काहीतरी घडतं, जे हिला मला दाखवायचंय किंवा माझ्याकडून करवून घ्यायचंय, आणि ते काय हे सांगायची हिची तयारी नाही. अशा वेळी अनुभवी तपासनीस काय करतो? तो सांगितलेल्या वेळी जातच नाही. म्हणून मी मफिनला रोज सकाळी सातला नेऊ लागलो. पाच आठवडे. हे तुला आजपर्यंत सांगितलं नव्हतं, कारण तूही मला पुष्कळ काही सांगितलेलं नाहीस.

मफिनबद्दल थोडं लिहितो. एवढ्या दांडग्या कुत्र्याचं नाव मफिन कुणी ठेवलं आणि का, हा वेगळाच तपासाचा विषय आहे. त्याचं वजन माझ्या अर्ध्याहून जास्त आणि इच्छाशक्ती माझ्या दुप्पट. शिकारीचा हंगाम चालू असल्यामुळे शिकाऱ्यांनी आपल्याला हरीण समजू नये म्हणून आम्ही दोघं भडक नारिंगी जाकिटं घालून निघतो. ती तू दोन्ही एकाच मापाची घेतलीस, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. (त्याचं त्याला नीट बसतं.) पट्टा माझ्या हातात असला तरी कोण कुणाला फिरवतो हे बघणाऱ्याने ठरवावं. खार दिसली की तो डावीकडे, ओढा दिसला की उजवीकडे, आणि मी बर्चच्या झाडाला मिठी मारून मध्ये. ओढ्यात बसून पाणी प्यायल्यावर तो अंग झाडतो ते नेमकं माझ्या शेजारी येऊन. शीची पिशवी तुम्ही लोक जाताना वाटेच्या कडेला ठेवता आणि येताना उचलता, ही तुमची पद्धत मला आधी घाणेरडी वाटली. मग ती पिशवी तीन मैल खिशात घालून हिंडल्यावर पटली. पण येताना उचलायला गेलो तर तिथं दोन पिशव्या! आपली कुठली आणि परक्याची कुठली हे ओळखायचं कसं? मी दोन्ही उचलल्या. दुसऱ्या दिवशी तिथं तीन होत्या. कुणीतरी माझ्यावर पाळत ठेवून आहे, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

बरं, मफिन सातच्या फेरीवर खूश नव्हता. मोठ्या खडकाजवळ वाटेला फाटा फुटतो, तिथं एक आडवा पडलेला ओंडका आहे. (तुला माहीत आहे. तुला चांगलाच माहीत आहे.) तिथं आला की तो बसायचा. आडवा व्हायचा. मी ओढायचो, ढकलायचो, सॉसेज दाखवायचो. तो माझ्याकडे बघायचा सुद्धा नाही, फाट्याकडे बघत पडून राहायचा. अर्ध्या तासाने मोठा उसासा टाकून उठायचा आणि घरापर्यंत माझ्याशी बोलायचा नाही. मला वाटलं, तिथं याने काहीतरी पुरून ठेवलंय. मी एकदा फावडं घेऊन गेलो. काही निघालं नाही.

मागच्या गुरुवारी दाताच्या डॉक्टरांकडे उशीर झाला आणि पहिल्यांदाच वाटेवर पोहोचायला दहा वाजले. ताई, सात वाजताची वाट आणि दहा वाजताची वाट या दोन वेगळ्या वाटा आहेत! दहाला तिथं अर्धा तालुका कुत्र्यांना घेऊन हिंडत असतो. जो तो मफिनच्या गळ्यात पडतो. "अरे मफिन! कुठं होतास राजा? पोट बरं झालं का?" मी पट्टा धरून उभा, माझ्याकडे कुणी बघेना. बघितलं ते असं, जसं मी जळालेल्या कोठारांच्या मालकांकडे बघायचो. जांभळ्या टोपीवाल्या एका बाईने सरळच विचारलं, "मफिनची आई कुठंय?" मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय. (तिला माहिती पुरवणं माझं काम नव्हतं.) तिने "अस्सं का," म्हणून फोन काढला आणि माझा फोटो घेतला. समोरून एक, बाजूने एक. मी चौतीस वर्षं लोकांचे असेच फोटो घेतलेत, म्हणून मला माहीत आहे की बाजूचा कधी घेतात.

आणि मग फाट्यावर तो माणूस. ओंडक्यावर बसला होता. सत्तरीचा असेल, विटलेली लोकरीची टोपी, मोठे हात. पायाशी एक म्हातारी, एका डोळ्याची स्पॅनियल कुत्री. शेजारी थर्मास आणि कप. कप किती? दोन. माणूस एक, कप दोन. एवढं मी नोंदवेपर्यंत मफिनने माझ्या हातातून पट्टा हिसकला आणि आपलं सगळं वजन त्या माणसाच्या छातीवर टाकलं. तो माणूस ओंडक्यावरून मागे पडला, टोपी उडाली, तरी त्याने कुत्र्याला सोडलं नाही. दोघं तसेच पडून राहिले आणि ती कुत्री त्यांच्याभोवती गोल फिरत राहिली. उठल्यावर त्याने कोट झाडला, माझ्या मागे वाटेवर लांबवर बघितलं आणि विचारलं, "ती मागून येतेय का?"

आता तुझ्या लक्षात येईल, माझ्या मनात काय काय आलं असेल. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली बाई. सरोवराकडे तोंड असलेलं, कर्ज फिटलेलं घर. रोज दहाची वेळ. दोन कप. मी म्हटलं, "कोण ती? हा कुत्रा माझा आहे." तो "अस्सं," म्हणाला. मग कॉफी घेणार का विचारलं. मी नको म्हटलं. दुसऱ्यांदा विचारलं, मी म्हटलं, नको, त्रास कशाला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा घ्यावीच लागली, आपल्याकडे तिसऱ्यांदा नाही म्हणणं बरं दिसत नाही. कॉफी चांगली होती. (फार चांगली. संशय घ्यावा इतकी.) त्यात न विचारता साय घातलेली होती आणि साखर नव्हती, म्हणजे तुझ्यासारखी. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी कप ओंडक्यावर ठेवला आणि दोन्ही हात खिशात खुपसून म्हटलं, "मफिनची आई ॲरिझोनाला गेली. कायमची. कुत्रा मला देऊन गेली."

हे खोटं होतं असं म्हणू नकोस. शुक्रवारी तू सही करणारच होतीस, मी आठ दिवस आधी सांगितलं एवढंच. पण तो माणूस भांडला नाही, पत्ता विचारला नाही, ज्याच्या मनात काही असतं तो निदान फोन नंबर तरी मागतो. त्याने दुसऱ्या कपातली उरलेली कॉफी हळूच गवतावर ओतली, कप पुसला, थर्मासवर बसवला. मफिनच्या डोक्यावर हात ठेवला. "सांभाळा हं," म्हणाला, आणि कुत्रीला काखेत घेऊन फाट्याने निघून गेला. मी दिवसभर स्वतःवर खूश होतो. संध्याकाळी मांस-बटाट्याचं हॉटडिश गरम केलं, ते घशाखाली गेलं नाही. दोष मी हॉटडिशला दिला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दहाला गेलो, फक्त खात्री करायला. ओंडका रिकामा. शनिवारी रिकामा. मफिन तिथं बसला तो दोन तास उठला नाही, रविवारी तर त्याने सॉसेजही खाल्लं नाही. मग मी ठरवलं, या माणसाचा छडा लावायचाच. (वाईट वाटलं म्हणून नाही. प्रकरण अर्धवट सोडायची सवय नाही म्हणून.) वाटेवरच्या प्रत्येकाला विचारलं. आणि ताई, मी आयुष्यात इतकी विचित्र साक्ष ऐकलेली नाही. "तो? तो पर्लचा बाबा!" सगळे छातीठोकपणे सांगत होते. पर्लचा डोळा कधी गेला, पर्लला मूतखडा कधी झाला, पर्लला वादळात कोणती गोळी देतात, सगळं तोंडपाठ. त्या माणसाचं नाव? "नाव... असेल काहीतरी. पर्लचा बाबा." घर? "फाट्याकडून येतो." जांभळ्या टोपीवाली तर माझ्यावरच उखडली. "चार वर्षं झाली आता, आता कसं विचारायचं हो नाव? पहिल्या महिन्यात विचारायचं राहून गेलं की राहिलंच! त्याला वाटेल, एवढे दिवस ही आपल्याला ओळखतच नव्हती!" तिला तिच्या रोजच्या मैत्रिणीचंही नाव माहीत नव्हतं. ती "ऑलिव्हरची आई" होती. ती समोरच उभी होती आणि जोरजोरात मान हलवत होती.

तेव्हा मी वाटेच्या तोंडाशी खांबावर जी लाकडी पेटी आहे, तिच्यातली नोंदवही काढली. जंगलात जाणाऱ्याने त्यात नाव, किती जण, वेळ आणि शेरा लिहायचा, म्हणजे कुणी हरवलं तर शोधता येतं. मी तीत कधी लिहिलं नव्हतं. (माझं नाव मी रस्त्यावरच्या पेटीत टाकत नाही.) ओंडक्यावर बसून वही वाचली. मफिन शेजारी. दोन वर्षांपूर्वीच्या शरदातली पहिली नोंद तुझ्या अक्षरात: "मफिन + १". पाच मिनिटांनंतर, दुसऱ्या अक्षरात: "पर्ल + १". दुसऱ्या दिवशी तसंच. मग हिवाळाभर तसंच, फक्त दोन वेळांमधलं अंतर कमी होत गेलेलं. गेल्या जूनच्या नऊ तारखेला दोन नोंदी नाहीत. एकच ओळ आहे, अक्षर तुझं: "मफिन, पर्ल + २". त्यापुढे रोज एकच ओळ. मी आयुष्यात हजारो नोंदवह्या तपासल्या ताई, त्यातली एकही ओळ दोनदा वाचावी लागली नव्हती.

मग सप्टेंबरची पाच तारीख, तू पडलीस तो दिवस. त्या पुढे "पर्ल + १". शेऱ्याच्या रकान्यात लोक लिहितात: झाड पडलंय, अस्वल दिसलं. तिथं त्याने लिहिलंय, "मफिन नाही." दुसऱ्या दिवशी, "मफिन नाही." पाच आठवडे, रोज, दहा वाजता, पावसात शाई पसरलेल्या दिवशीसुद्धा. मी त्याच वाटेवरून त्याच कुत्र्याला घेऊन तीन तास आधी जात होतो. शेवटची नोंद मागच्या गुरुवारची, मी गेल्यावर पेटीपर्यंत येऊन केलेली. "मफिन भेटला. ती नाही." आणि त्या पुढे पर्लचं नावच नाही. मला वाईट वाटलं. हे मी लिहितो आहे, कारण तपासनीसाने आपल्या विरुद्ध जाणारा पुरावाही नोंदवायचा असतो.

सोमवारी जे घडलं त्याची जबाबदारी सर्वस्वी तुझ्या कुत्र्याची. फाट्यावर आल्यावर तो बसला नाही. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मान आत घेतली, गळपट्ट्यातून डोकं काढलं आणि सुटला. मी रिकामा पट्टा हातात घेऊन मागे. वाट संपली, स्प्रूसच्या झाडांचं रान लागलं, रान संपलं आणि दलदल लागली. मफिन दलदलीवरून टुणटुण उड्या मारत गेला. मी कमरेपर्यंत आत गेलो. बाहेर आलो तेव्हा उजवा बूट बरोबर आला नाही. एका पायात मोजा, अंगावर शेवाळ, नारिंगी जाकीट तपकिरी झालेलं, असा मी पाऊण मैल चालत एका आवारात पोहोचलो. नीट रचलेली लाकडं, छोटं घर, मागे आणखी छोटं लाकडी घर आणि त्याच्या धुराड्यातून धूर. दारात पर्ल, पर्लच्या शेजारी मफिन आणि मफिनच्या शेजारी तो. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बूट कुठंय?" "दलदलीत." "हं," म्हणाला. "चला. सौना तापलाय."

सौना, म्हणजे वाफेची खोली, म्हणजे तो फिनिश निघाला. आपल्या पक्क्या नॉर्वेजियन तीर्थरूपांना काय वाटलं असतं, हे तू मनातल्या मनात समज. पाच मिनिटांनी मी एक पंचा गुंडाळून त्याच्याबरोबर त्या लाकडी खोलीत वरच्या फळीवर बसलो होतो. पंच्यावर चौकशी करायचा हा माझा पहिलाच प्रसंग, पण म्हटलं, आता नाही तर कधी. मी प्रश्न विचारायचो, तो आधी तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी ओतायचा आणि वाफेच्या आडून उत्तर द्यायचा. काय काम केलंत? फस्स. "धक्क्यावर. जहाजात खनिज भरायची क्रेन." बायको? फस्स. "वारली. नऊ वर्षं झाली." घर स्वतःचं? फस्स. "स्वतः बांधलं." सातव्या प्रश्नाला माझ्या डोळ्यांपुढे तारे चमकू लागले आणि मला संशय आला की तो हे मुद्दाम करतोय. शेवटी मी म्हटलं, "माझ्या बहिणीकडून तुम्हाला नक्की हवंय काय?" तेव्हा त्याने पळी खाली ठेवली. मग म्हणाला, "ती बडबडते. मला ऐकायला आवडतं."

तू? बडबडतेस? सदुसष्ट वर्षांत मी तुला सलग चार वाक्यं बोलताना ऐकलेलं नाही. तुझं सगळं "बरं बरं"त आटपतं. (मी मध्ये बोलत असतो, हे खरं आहे. वाफेत बसलं की अशा गोष्टी सुचतात.) आणि तू त्याला काय काय सांगितलंस! मी कोण हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. "तुम्ही हालवोर. ती म्हणायची, मिशीला हात लावला की समजायचं, हा खोटं बोलतोय. कुत्रा माझा म्हणालात तेव्हा लावलात." मग ॲरिझोनावर विश्वास का ठेवलात, मी विचारलं. "तेव्हा हात खिशात होते," तो म्हणाला. तुझ्या चर्चच्या गायकवृंदातल्या त्या जाड आवाजाच्या गृहस्थांचंही त्याला माहीत होतं, जे तुला ॲपल पाय आणून द्यायचे आणि ज्यांच्याकडे मी तीन ओळखीच्या माणसांची शिफारसपत्रं मागितली होती. ते मिशिगनला राहायला गेले ते माझ्यामुळे, असं तू त्याला सांगितलंस. मला कधी सांगितलं नाहीस. या माणसाबद्दलही सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, हे मी त्या फळीवर बसून प्रामाणिकपणे आठवून बघितलं. जे केलं तेच केलं असतं, आणि लवकर केलं असतं.

मी त्याला खरं सांगितलं. पायऱ्या, खुबा, डुलूथचं पुनर्वसन केंद्र, अकरा पावलं. त्याने ऐकून घेतलं आणि बाहेर जाऊन थंड पाण्याची अख्खी बादली डोक्यावर ओतून घेतली. परत आला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता, त्यामुळे त्याबद्दल मी काही नोंदवू शकत नाही. नंतर त्याने मला आपला एक बूट दिला, जंगली तांदळाचं सूप दिलं (तिसऱ्यांदा विचारल्यावर घेतलं) आणि ट्रकमधून घरी सोडलं. मफिन पुढच्या सीटवर बसला, मी मागे पर्लजवळ.

एवढी वस्तुस्थिती. माझा अभिप्राय विचारशील तर प्रकरण अजून बंद झालेलं नाही. त्याच्या घराचं छत मी बघितलं, ते ठीक आहे. धुराड्याबद्दल माझ्या काही शंका आहेत. माणसाबद्दल मी तुला ना हो म्हणत, ना नाही. कागदांबद्दलही काही म्हणत नाही. शुक्रवारी काय करायचं ते तुझं तू ठरव, तू थोरली आहेस. गाजरं खात जा. व्यायाम खरोखरच्या वेळी करत जा.

तुझा आज्ञाधारक (सातच्या फेऱ्या सोडून) भाऊ,
हालवोर

ता. क. ट्रकमधून उतरताना त्याने मला एक गोष्ट विचारली, ती वर लिहायची टाळली होती. मला वाटलं, आता हा घराबद्दल विचारणार. तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "तिचं नाव काय हो?" माझं, कारिनचं, आपल्या मेलेल्या मांजरीचं, सगळ्यांची नावं त्याला माहीत. मी सांगितलं. त्याने ते एकदा हळू म्हणून बघितलं आणि मग गाडी चालू करायचं विसरून गेला.

ता. क. २. वर मी लिहिलंय की कागदांबद्दल काही म्हणत नाही. ते खोटं आहे. (लिहिताना मिशीला हात लावला.) सही करू नकोस. ॲरिझोनात कारिन आहे, ऊन आहे, सगळं मान्य. पण "इथं माझं राहिलंय काय" असं तू म्हणालीस तेव्हा मला फार लागलं, आणि मी ते बोलून दाखवलं नाही. तू गेलीस तर मी दर रविवारी कुणासमोर बसू? माझं बोलणं कमी करीन. निदान प्रयत्न करीन.

ता. क. ३. पाकिटावर तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. पत्र घेऊन येणारा खाली स्वागतकक्षात बसलाय. त्याला मी बजावलंय की तुझं शेवटपर्यंत वाचून होईपर्यंत वर यायचं नाही. आणि म्हणूनच मी हे जमेल तेवढं लांबवलं. तो किती वेळ थांबतो ते मला बघायचं होतं. माझा अनुभव आहे, ज्याच्या मनात काळंबेरं असतं तो वीस मिनिटांच्या वर एका जागी बसत नाही. आता घंटी वाजव आणि त्या हसणाऱ्या नर्सबाईंना विचार. बसलेला असेल तर वर बोलाव. त्याचं नाव मला कळलंय, पण मी ते मुद्दाम लिहिलेलं नाही. ते तू विचार.